सूर्य मावळण्यापूर्वी

(उपकारस्तुतीच्या रविवारी शहरातील मंडळीत दिलेला संदेश)

शास्त्रभाग: लेवीय १९:९-१८; अनुवाद २४:१४-१५



पाळकसाहेबांनी मला पत्रात लिहिले होते, "ताई, या वेळी आदिवासी भागातल्या कामाची साक्ष द्या." साक्ष म्हटली की आपण काय ऐकायला बसतो, ते मला ठाऊक आहे. किती मुलींनी वसतिगृहात राहून दहावी केली, कोणत्या पाड्यावर पाणी आले, कोणाची दारू सुटली. देवाच्या दयेने अशा गोष्टी आहेत आणि त्या आपण या त्रैमासिकात वाचताच. आज मात्र मी दुसरी साक्ष देणार आहे. ती माझ्या चुकीची आहे. पवित्र शास्त्राची एक साधी आज्ञा मी मोडली आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुटुंबाने भरली, त्याची ही गोष्ट आहे.

आधी शास्त्रभाग पाहू. लेवीयचा एकोणिसावा अध्याय पवित्रतेच्या हाकेने सुरू होतो. देव पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे. एवढे वाचल्यावर आपल्याला वाटते, आता उपास, वेदी, धूप, सुवार्तिकाची पांढरी वस्त्रे असे काहीतरी येईल. पण पुढे काय येते? पीक कापताना शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा. चोरी करू नका, खोटे बोलू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. आणि तेराव्या वचनात येते की मजुराची मजुरी सकाळपर्यंत रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. म्हणजे देवाच्या दृष्टीने पवित्रता शेताच्या बांधावर आणि मजुरीच्या वहीत दिसते.

आता अठरावे वचन पाहा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तिथे आहे. प्रभू येशूने सर्वांत मोठ्या आज्ञा सांगितल्या तेव्हा दुसरी आज्ञा इथूनच घेतली. ती आपल्या लेकरांना शब्बाथशाळेपासून पाठ असते. मजुरीची आज्ञा तिच्या वर फक्त पाच वचनांवर आहे, आणि ती आपल्यापैकी किती जणांना पाठ आहे? मलाही नव्हती. माझ्याकडे ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा आहे, लेवीयच्या पुस्तकावर मी परीक्षा दिली आहे, तरी नव्हती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे काम नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. पाडे विखुरलेले, शेती पावसावरची. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. हे दिवस आमच्याकडे कठीण असतात. जुने धान्य संपलेले असते आणि नवी ज्वारी अजून उभी असते. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला दगडी कुंपण घालायचे होते, कारण रात्री जनावरे आत येत आणि मुलींना भीती वाटे. आपणच त्यासाठी देणग्या दिल्या होत्या. जवळच्या पाड्यावरचे एक दादा त्या कामावर होते. त्यांचे नाव मी सांगणार नाही. त्यांची मुलगी आमच्याच वसतिगृहात, सातवीत शिकत होती. त्यांनी नऊ दिवस काम केले, रोजचे तीनशे रुपये ठरले होते. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा दगड बसला. दोन हजार सातशे रुपये द्यायचे होते.

पैसे नव्हते असे नाही. ते कपाटात, पेटीत होते. पण आमच्या नियमाप्रमाणे व्हाउचरवर दोन सह्या लागतात. एक माझी, दुसरी खजिनदारांची, आणि ते त्या आठवड्यात बाहेरगावी होते. मी म्हटले, "दादा, सोमवारी या. सही झाली की लगेच देते."

ते म्हणाले, "बरं, ताई."

आमच्या लोकांच्या "बरं"वर जाऊ नका. ते भांडत नाहीत, हात पसरत नाहीत. "बरं" म्हणतात आणि डोंगर चढू लागतात.

शुक्रवारी सकाळी मी जिल्ह्याच्या गावी गेले. याच त्रैमासिकाचा अहवाल पाठवायचा होता. भिंतीचा फोटो काढून नेला होता. मी लिहिले की आपल्या उदार हातांमुळे कुंपणाचे काम पूर्ण झाले. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये होती. काम लांबले, पाऊस आला, सोमवारी येणारी मी गुरुवारी परत आले. त्याच दिवशी सही करून घेतली आणि मजुरी दिली. दादांनी मोजून घेतली आणि गेले. काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. माझ्या वहीत हिशोब पूर्ण होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परत आल्या. दादांची मुलगी आली नाही. आठ दिवस वाट पाहून मी पाड्यावर गेले. दाराला काटेरी फांदी लावलेली होती. शेजारच्या घरात तिची आजी होती. तिने सांगितले ते मी तिच्याच क्रमाने सांगते.

मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, त्यांच्या लहान मुलाला ताप चढला. रविवारी सकाळी दादा वसतिगृहावर आले. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितले, ताई नाहीत, चावीही नाही. ते परत गेले. त्याच संध्याकाळी पाड्यावर ऊसतोडीचा मुकादम आला होता. त्या वर्षी दादांनी ठरवले होते की जायचे नाही. मुलगी शिकते आहे, घरी राहायचे, मिळेल ते काम करायचे. पण पोर तापाने फणफणत होते आणि घरात पैसा नव्हता. त्यांनी अंगठा दिला आणि दहा हजारांची उचल घेतली.

उचल म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींना सांगायला हवे. हंगामाच्या आधी मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती घेतली की नवरा-बायकोची जोडी ऊस तोडायला बांधली गेली. त्या जोडीला हिशोबात "कोयता" म्हणतात. माणसांना अवजाराचे नाव! दिवाळीच्या सुमारास ट्रक येतात आणि आमच्या भागातली कुटुंबे दक्षिण गुजरातकडे, काही आपल्याच राज्यातल्या कारखान्यांकडे जातात. उन्हाळा लागेपर्यंत पालात राहायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. उचल फिटेपर्यंत परत येता येत नाही. लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला घरातली मोठी मुलगी बरोबर न्यावी लागते.

म्हणून ती गेली होती.

मी परत आले तेव्हा टेबलावर त्रैमासिकाचा नवा अंक येऊन पडला होता. आत आमच्या भिंतीचा फोटो छापला होता. आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. खाली माझे वाक्य होते. त्या रात्री मी यिर्मयाचा बाविसावा अध्याय उघडला. शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याचा मोबदला न देणाऱ्या आणि त्यावर आपले घर बांधणाऱ्या माणसाला तेराव्या वचनात संदेष्टा हाय हाय म्हणतो. तो शब्द यहोयाकीम राजाच्या महालाविषयी होता. आमची तर मुलींसाठी बांधलेली साधी भिंत. मजुरीही मी बुडवली नव्हती, सात दिवस उशीर केला होता. मी स्वतःला हेच सांगत राहिले. पण झोप आली नाही.

मग अनुवाद चोवीस वाचला. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो तुझा बांधव असो की तुझ्या गावात राहणारा परका. आणि देव कारण सांगतो. डिप्लोमाच्या वर्षांत इब्री भाषेची थोडी तोंडओळख झाली होती, म्हणून मी जुनी वही काढून शब्द पाहिले. आपल्या भाषांतरात मजुराचे मन मजुरीकडे लागलेले असते अशा अर्थाचे शब्द आहेत. मूळ शब्दांचा अर्थ त्याहून उघडा आहे. मजूर आपला जीव त्या मजुरीकडे उचलून धरतो. उचलतो! मी तो शब्द वाचून थांबले. ज्याने नऊ दिवस आपला जीव माझ्या मजुरीकडे उचलून धरला, त्याला ती मिळाली नाही, तेव्हा त्याने मुकादमाची उचल घेतली.

देवाला गरिबाचे घर माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या घरात डाळ-तांदूळ भरलेला असतो. माझा पगार आठ दिवस लांबला तर मी कुरकुर करीन, पण चूल पेटेल. म्हणून मला सात दिवस म्हणजे "फक्त सात दिवस" वाटतात. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ संध्याकाळच्या मजुरीतून येते, त्याच्यासाठी सूर्य मावळणे ही वेळ नाही, ती हद्द आहे. देवाने आज्ञा देताना देणाऱ्याच्या सोयीचे घड्याळ धरले नाही. घेणाऱ्याच्या चुलीचे धरले. त्याच अध्यायात पुढे कारणही दिले आहे. तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका.

डिसेंबरात मी दादांना भेटायला गेले. गणना ५:७ मध्ये भरपाईचा नियम आहे. ज्याचा अपराध केला त्याचे त्याला पुरते परत द्यावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा. दोन हजार सातशेचा पाचवा हिस्सा पाचशे चाळीस. तो मी माझ्या पगारातून घेतला, संस्थेच्या पैशातून नाही. उसाच्या फडाजवळ पालांची रांग होती. दादा रात्री गाडी भरून आले होते आणि झोपले होते. वहिनी चुलीशी होत्या. मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला पाहून हसली आणि मग लाजून पालात गेली.

मी दादांच्या हातात पैसे ठेवले.

"हे कशाचे? तू तर सगळे दिले."

आमच्याकडे लहानथोर सगळ्यांनाच "तू" म्हणतात. त्यात अनादर नसतो.

"उशिरा दिले, दादा. त्याचे आहेत. माझी चूक झाली."

ते बराच वेळ नोटांकडे पाहत राहिले. मग अगदी साधेपणाने, मला बोल लावायचा नाही अशा सुरात म्हणाले, "मुकादमाने त्याच रात्री दिले होते, ताई."

बंधुभगिनींनो, मी अनेक संदेश ऐकले आहेत. माझ्याविषयी इतका खरा संदेश कोणी दिला नाही. माणसाला सहा महिने बांधून ठेवणारा सूर्य मावळताच पैसे देतो आणि देवाच्या नावाने काम करणारी मी दोन सह्यांची वाट पाहते. बांधणारा वेळेवर आला आणि सोडवणारी उशिरा. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद केली. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले. कायदे चांगले आहेत आणि ते पाळले जावेत म्हणून आपण झटतोही. पण आपल्या देवाने पंधरा दिवसही दिलेले नाहीत.

मी दहा हजार देऊन त्यांना सोडवून आणले का, असे कोणी विचारेल. तो विचार मनात आला होता. दादाच म्हणाले, टोळी अर्धी टाकून गेलो तर पुढे गावात मुकादम दारात उभा करणार नाही, आणि बाकीच्या जोड्यांवर आमचे काम पडेल. ते एप्रिलमध्ये परत आले. मुलगी जूनमध्ये वसतिगृहात आली. कागदावर ती आठवीत गेली, पण सातवीचे अर्धे वर्ष तिच्या डोक्यात कुठून येणार? संध्याकाळी प्रार्थनेनंतर मी तिला घेऊन बसत असे. तिने पुढे शिक्षण चालू ठेवले, देवाला धन्यवाद. पण गणिताच्या तासाला ती अजूनही मागच्या बाकावर बसते. केलेली चूक प्रभू क्षमा करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिचे परिणाम मात्र तो पुसून टाकतोच असे नाही. कदाचित आपण आठवण ठेवावी म्हणून.

आता आपल्याकडे वळू. आपण ख्रिस्ती माणसे शील म्हटले की दारू, तंबाखू, सिनेमा, वाईट संगत यांचा विचार करतो. ते योग्यच आहे. पण मलाखीचा तिसरा अध्याय घ्या. दशांशाविषयीचे दहावे वचन आपल्या दानपेट्यांवर, पाकिटांवर छापलेले असते. त्याच अध्यायातले पाचवे वचन कुठे छापलेले मी पाहिले नाही. तिथे देव ज्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास उभा राहतो, त्यांच्या यादीत जादूटोणा करणारे आहेत, व्यभिचारी आहेत, खोटी शपथ वाहणारे आहेत, आणि त्याच रांगेत मजुराच्या मजुरीवरून त्याला पिडणारेही आहेत. दशांशाच्या आधी मजुरी येते. मजुराचे अडकवून ठेवलेले पैसे दानपेटीत टाकले, तर ते अर्पण कोणाचे झाले? याकोब पाचव्या अध्यायात म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. आपण उपकारस्तुती गातो तेव्हा त्याच कानांत ती ओरडही पोहोचत असेल, तर तो आधी काय ऐकेल?

प्रभू येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला आठवा, मत्तय विसावा अध्याय. शेवटी आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळाली, यावर आपण कृपेचा संदेश देतो आणि तो खराच आहे. पण त्यातला एक छोटा तपशील पाहा. संध्याकाळ झाली तेव्हा मालकाने कारभाऱ्याला मजुरांना बोलावून मजुरी द्यायला सांगितले. संध्याकाळीच! मोशेची आज्ञा पाळणारा तो मालक आहे. त्याने आधी न्याय वेळेवर केला आणि मग कृपा वर ओतली. आपण कधी कधी कृपा वाटायला निघतो आणि न्याय उद्यावर ढकलतो. जुनी साडी देतो, सणाला डबा देतो, आणि पगार मात्र पाच तारखेचा बारा तारखेला.

म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींचा पगार ठरलेल्या दिवशी जातो का, की त्यांना मागावा लागतो? त्या आजारी पडल्या तर आपण दिवस कापतो का? रंगारी, सुतार, नळवाला काम करून गेला. "सुटे नाहीत, नंतर बघू" म्हणून त्याची किती रक्कम आपल्याकडे राहिली आहे? ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला आपण "ऑनलाइन पाठवतो" असे सांगतो का? एसटी स्टँडवर करवंदे विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि मॉलमध्ये मुकाट्याने देतो का? आणि वडीलजनांनो, रागावू नका, आपल्या मंदिराची झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या भावाचे मानधन पंच कमिटीची सभा होईपर्यंत थांबते का?

कोणाला वाटेल, ताई आम्हाला नियमशास्त्राखाली आणत आहेत. नाही. आपण कृपेनेच तारले गेलो आहोत. पण इफिसच्या पत्रात त्याच दमात लिहिले आहे की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो. जक्कय खाली उतरला तेव्हा आधी प्रभू त्याच्या घरी आला, मग त्याने चौपट परत देण्याची गोष्ट काढली. तारण आधी, हिशोब नंतर. पण हिशोब झाला! जे तारण पाकिटापर्यंत पोहोचत नाही, ते हृदयापर्यंत तरी पोहोचले का, हे तपासून पाहावे.

आमच्या केंद्रावर आम्ही काय बदलले, तेही सांगते. दोन सह्यांचा नियम आम्ही मोडला नाही. तो चांगला नियम आहे, आपल्या देणगीचा हिशोब त्यामुळे चोख राहतो. आता काम सुरू होण्यापूर्वीच मजुरीच्या व्हाउचरवर दोन्ही सह्या होतात आणि तेवढी रक्कम वेगळी ठेवली जाते. संध्याकाळी साडेपाचला घंटा होते, वही उघडते, ज्याची त्याला मजुरी मोजून दिली जाते. मी गावाला गेले तर चावी मावशींकडे असते. आपल्यापैकी काहीजण विचारता, आमची देणगी कशाला लावू? इमारतीला पाटी लागते, मजुरीला लागत नाही. तरी या वर्षी मजुरीसाठी द्या, असे मी विनवते.

मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीचे काम होते. दादाही कामावर होते. संध्याकाळी पैसे मोजून त्यांनी कोपरीच्या खिशात ठेवले, पश्चिमेकडे डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, "अजून ऊन आहे, ताई. बाजार गाठतो." आणि भराभर उतरून गेले.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला मिसरातून सोडवलेस, वधस्तंभावर आमचे देणे चुकते केलेस, आणि त्यासाठी आम्हाला उद्या ये म्हणाला नाहीस. आमच्या हाताखाली राबणाऱ्यांची नावे आज आम्हाला आठवू दे. आमच्याकडे अडकलेले ज्याचे त्याला आजच, ऊन असतानाच, परत देण्याची बुद्धी दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात मागतो. आमेन.